फर्म्याबाहेरची चार पानं

दिल्लीच्या विष्णू दिगंबर मार्गावर, हिंदी भवनाजवळच्या फुटपाथवर चहा विकत लक्ष्मण राव यांनी कादंबऱ्या लिहिल्या. मूळ गाव अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर. १९७५ साली ते दिल्लीत आले आणि हिंदीत लिहू लागले. प्रकाशक दारात उभं करेनात, तेव्हा कमाईतले पैसे बाजूला टाकून १९७९ मध्ये त्यांनी पहिलं पुस्तक स्वतःच छापलं. मग सायकलला पुस्तकं बांधून शाळा आणि ग्रंथालयांचे उंबरठे झिजवले. त्यांच्याबद्दल लिहिताना सगळे चहाच्या किटलीपाशी थांबतात. मला ती सायकल मोठी वाटते. लिहीत राहण्याची चिकाटी पुष्कळांकडे असते. ‘हे मी लिहिलंय, वाचून बघा’ असं अनोळखी माणसाला रोज नव्याने सांगणं फार थोड्यांना जमतं.

माझी कादंबरीही बरीच फिरून आली. कुठून ‘साभार परत’, कुठून काहीच नाही. शेवटी स्वखर्चाने काढायचं ठरवलं. आयएसबीएन सरकारी एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, डीटीपीवालाही चांगला भेटला. गाडी अडली ती छापखान्यात.

“ताई, फर्मा म्हणजे छापायचा एक ताव, सोळा पानांचा. तुमची चार पानं बाहेर जातायत. टाइप बारीक करू, की मागे कोरी पानं सोडू?”

टाइप बारीक केला तर माझ्या वडिलांच्या वयाच्या वाचकाने काय करायचं? आणि बारा कोऱ्या पानांच्या कागदाचे पैसे त्याने का मोजायचे? मी प्रुफं घरी आणली. इतकी वर्षं मी ही कादंबरी कुणीतरी स्वीकारावी म्हणून वाचत होते. त्या रात्री ती पहिल्यांदा, कुणीतरी पदरचे पैसे घालून विकत घेणार आहे, हे मनात धरून वाचली. पावसाचं वर्णन, ज्याच्यावर माझा फार जीव होता, दीड पान चाललं होतं, आणि तेवढा वेळ नायिका नुसती खिडकीत उभी. ते गेलं. सासूच्या तोंडचं लांबलचक भाषण गेलं. तिथे आता ती फक्त ताट सरकवते, आणि प्रसंग पूर्वीपेक्षा जास्त टोचतो. चार पानं निघाली, वर आणखी अर्धं.

संपादकाची जागा फर्म्याने भरून निघत नाही. चांगला संपादक मला हवाच होता, अजूनही हवा आहे. पण तो भेटेपर्यंत पुस्तक थांबवायचं नाही, हे माझं पक्कं झालंय.

प्रती बांधणीला गेल्यात. विक्रेत्याचं कमिशन वजा जाता हाती फारसं उरत नाही, म्हणून तालुक्यांतल्या वाचनालयांची यादी काढली आहे. पहिल्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी शनिवारी सकाळी यायला सांगितलंय, वाचकही तेव्हाच येतात म्हणाल्या.