हातची विद्या

ज्यानें अडतीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांस पाठ दिले, त्यास उतारवयांत स्वतःच्या सुनेकडून पाठ घ्यावा लागावा, असा योग गेल्या वर्षीं आमच्या वांट्यास आला. तो पाठ आम्हीं प्रथम रागानें व मागाहून लाजेनें घेतला. मुलांनीं काय शिकावें हें आपल्या घरांतून अद्यापि बहुधा वडील माणसेंच ठरवितात. म्हणून ही घरगुती हकीकत चार घरीं वाचली जावी असें वाटतें.

आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियांत सान होजे शहरीं नोकरीस आहेत. आम्ही उभयतां सहा महिने त्यांच्याकडे होतों. सूनबाई वनस्पतिशास्त्राच्या एम्. एस्सी.; लग्नापूर्वीं पुण्यांत एका महाविद्यालयांत शिकवीत असत. अमेरिकेंत गेल्यावर त्यांस शिकण्याची मोकळीक होती, परंतु मिळविण्याची नव्हती. कारण नोकरीच्या परवान्यावर आलेल्या माणसाच्या पत्नीस तो देश सरसकट काम करूं देत नाहीं. २०१५ सालापासून एवढी सवलत झाली कीं, पतीच्या कायम वास्तव्याच्या अर्जाची एक ठराविक पायरी मंजूर झाल्यास पत्नीसही कामाची परवानगी मागतां येते. ती परवानगी सूनबाईंच्या हातीं सात वर्षांनीं पडली.

आतां ही मुलगी पुढील संशोधन करील, निदान कोठें अध्यापन करील, अशी आमची समजूत. एके दिवशीं संध्याकाळीं पानें वाढतां वाढतां तिनें सांगितलें कीं, जवळच्या कम्युनिटी कॉलेजांत आपण फ्लेबॉटमीच्या वर्गास नांव घातलें आहे. म्हणजे तपासणीसाठीं शिरेंतून रक्त काढण्याचें शिक्षण. आमचा घांस हातांतच राहिला. आम्ही म्हणालों, "एम्. एस्सी. होऊन लोकांच्या दंडाला पट्ट्या बांधायच्या? याचसाठीं का तुझ्या वडिलांनीं तुला शिकविलें?"

ती रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, "बाबा, पदवी सात वर्षें पेटींत आहे. तिच्या जोरावर मला इथें कोणी दारांतसुद्धां उभें केलें नाहीं." आणि आंत निघून गेली. त्या रात्रीं आमच्या कुटुंबानें आमच्याशीं अक्षर काढलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं चिरंजिवांबरोबर आम्ही तें कॉलेज पाहावयास गेलों. एका दालनांत लोखंड सांधण्याचा वर्ग, पलीकडे जमाखर्चाचा, त्यापुढें लहान मुलांच्या संगोपनाचा. अठरा वर्षांच्या मुलाशेजारीं पन्नाशीचा गृहस्थ बसलेला, आणि कोणास त्याचें नवल नाहीं. अशीं ११६ कॉलेजें एकट्या कॅलिफोर्नियांत आहेत. दोन वर्षांत सुमारें साठ श्रेयांक मिळविले म्हणजे एक लहान पदवी मिळते. आणि ज्यास तेवढीही सवड नाहीं त्याच्यासाठीं कांहीं आठवड्यांचीं किंवा महिन्यांचीं प्रमाणपत्रें असतात. त्यांपैकीं कित्येकांचे श्रेयांक पुढें पदवींत धरले जातात.

या संस्थांचा इतिहास वाचूं लागलों तों आणखी एक गंमत कळली. शिकागोजवळ जोलिएट येथें १९०१ सालीं तेथील हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन व शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या विचारानें असें पहिलें कॉलेज निघालें; आरंभीं विद्यार्थी अवघे सहा. हे हार्पर हिब्रूचे मोठे पंडित. आणि १८७५ सालचा त्यांचा येल विद्यापीठांतील प्रबंध लॅटिन, ग्रीक, संस्कृत व गॉथिक या भाषांतील शब्दयोगी अव्ययांवर होता! प्रथम तेथें विद्यापीठाचीं पहिलीं दोन वर्षेंच शिकवीत. धंदेशिक्षण मागाहून आलें. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं नेमलेल्या मंडळाच्या अहवालानें 'कम्युनिटी कॉलेज' हें नांव रूढ केलें. ज्या पंडितानें संस्कृत अव्ययें चाळलीं त्यानें या झाडाचें रोप लावलें, हें वाचून आमचा अहंकार किंचित् नरमला.

सूनबाईंचा वर्ग सुरू झाला. हें काम वरवर दिसतें तितकें सोपें नव्हे. नवख्या माणसास त्या राज्यांत निदान ४० तास वर्गांतील शिक्षण व ४० तास प्रत्यक्ष काम करावें लागतें. त्यांत ५० वेळां शिरेंतून व १० वेळां बोटाच्या टोंकांतून रक्त काढून दाखवावें लागतें. मग परीक्षा, आणि मग राज्याच्या आरोग्यखात्याचा परवाना. प्रथम रबरी हातावर सराव करितात. घरीं सुई वापरण्यास मनाई. म्हणून सायंकाळीं ती आमच्या दंडास नुसती पट्टी बांधी, डोळे मिटी, आणि बोटानें शीर चांचपी. म्हणे, "डोळ्यांना दिसते त्या शिरेवर भरंवसा नाहीं, बाबा. बोटाला कळली पाहिजे."

असा हात पुढें करून बसलों असतां आम्हांस अकस्मात् सुश्रुताचें स्मरण झालें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय 'योग्या' म्हणजे हाताच्या सरावाविषयीं आहे. कापण्याचा सराव कोहळ्यावर व भोपळ्यावर करावा, बांधण्याचा कापडी पुतळ्यावर, आणि शीर वेधण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर व कमळाच्या देंठावर करावा, असें तेथें सांगितलें आहे. पुष्कळ शास्त्र ऐकलेला असूनही ज्याचा हात वळलेला नाहीं तो प्रत्यक्ष कामास अयोग्य, असा त्याचा अभिप्राय. हा अध्याय आम्हीं पाठशाळेंत गुरुजींजवळ वाचला होता. 'योग्या' शब्दाची व्युत्पत्ति आम्हीं कित्येकांस सांगितली. अर्थ मात्र सुनेनें आमच्या दंडास पट्टी बांधली तेव्हां कळला.

आणि त्याबरोबर दुसरी एक आठवण वर आली; ती सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. १९८२ सालीं आमचे धाकटे बंधू दहावी झाले. त्यांच्या मनांत औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत जाऊन वायरमनचें, म्हणजे सरकारी भाषेंत 'तारतंत्री'चें काम शिकावें असें होतें. अर्ज भरून आणलेला होता. वडिलांच्या पश्चात् कर्ते आम्ही. आम्हीं तो अर्ज फाडला व म्हणालों, "आपल्या घराण्यांत आजवर कोणीं हातांत पकड धरली नाहीं." बंधू वाणिज्य शाखेस गेले, शेवटच्या वर्षीं दोनदां अनुत्तीर्ण झाले, आणि एका दुकानांत हिशेब लिहीत त्यांचें आयुष्य गेलें. आजही आळींत कोणाचा दिवा गेला कीं त्यांनाच हांक येते, आणि ते हंसतमुखानें जातात. त्या हंसण्याकडे आम्हीं चाळीस वर्षें नीट पाहिलें नाहीं. यांतील नवल असें कीं, आम्ही स्वतः जुन्या अकरावीचे मॅट्रिक. दोन वर्षांच्या अध्यापक-पदविकेवर आमचा सगळा संसार झाला. लहानशा शिक्षणाचें अन्न खाऊन आम्हीं दुसऱ्याचें तेंच ताट ओढून घेतलें.

म्हणून प्रत्येक लहान प्रमाणपत्र चांगलेंच असतें, असेंही आमचें म्हणणें नाहीं. कागद विकणारीं दुकानें सर्वत्र आहेत. अमेरिकेंत २०२५ सालीं झालेल्या कायद्यानें ८ ते १५ आठवड्यांच्या, १५० ते ५९९ तासांच्या शिक्षणासही सरकारी शिष्यवृत्ति देण्याचें ठरविलें, व आरंभ १ जुलै २०२६ हा धरला. परंतु शेंकडा ७० विद्यार्थ्यांनीं शिक्षण पुरें केलें पाहिजे व शेंकडा ७० जणांस काम मिळालें पाहिजे, अशी अट घातली. घरांतील वडिलांनीं हेच प्रश्न विचारावे: किती जणांनीं पुरें केलें, किती जणांस काम लागलें, परवाना मिळतो कीं नाहीं, हें शिक्षण पुढच्या पदवींत धरतात कीं नाहीं. घराण्यांत आजवर कोणीं काय केलें, हा प्रश्न तेवढा विचारूं नये.

सूनबाईंस परवाना मिळाला. पहिल्या दिवशीं कामावरून आल्या तेव्हां एवढेंच म्हणाल्या, "एक म्हातारे गृहस्थ फार घाबरले होते. त्यांना सुई कळलीच नाहीं." एम्. एस्सी.चा निकाल लागला तेव्हां ती मुलगी आम्हीं पाहिली नव्हती. पण त्याहून अधिक आनंद तेव्हां झाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

त्याच रात्रीं बंधूंस पत्र लिहिलें. १९८२ सालच्या त्या अर्जाविषयीं क्षमा मागितली. अशा गोष्टी फोनवर बोलण्याचें धैर्य आम्हांस नव्हतें. उत्तर पंधरा दिवसांनीं चिरंजिवांच्या फोनवर आलें, तें असें: "दादा, जुनें काढूं नये. तुमच्या खोलींतल्या पंख्याचा आवाज येत होता, तो काढून दुरुस्त केला आहे. सांभाळून या."