विली, माळ्यावर जाऊ नकोस!

आईने मला सुपारी दिली होती. ‘मासकॉम केलंयस ना? मग त्याच्याशी कम्युनिकेट कर!’

‘तो’ म्हणजे माझा धाकटा भाऊ. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष. प्लेसमेंटला न बसता साहेबांना घरी बसून कॉम्प्युटर गेम बनवायचाय. एकट्याने. पनवेलमध्ये.

आता मी कुठल्या तोंडाने समजावणार? तीन वर्षांपूर्वी मीच पगाराची नोकरी सोडून फ्रीलान्सर झाले. तेव्हापासून हार्बर लाइनने पार सीएसएमटीपर्यंत जाते, लोकांचे इंटरव्ह्यू घेते आणि मग पैसे कधी येतात याची वाट बघते. पण सुपारी ती सुपारी. त्याला घाबरवायला मी एक सॉलिड गोष्ट शोधून काढली आणि संध्याकाळी त्याला वडाळे तलावावर फिरायला नेलं.

गोष्ट मॅथ्यू स्मिथची. १९८२ मध्ये इंग्लंडात झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर आला. रबरी बटणं, स्क्रीन म्हणून घरचाच टीव्ही, गेम कॅसेटवरून लोड करायचा. मोठ्या मॉडेलची मेमरी ४८ केबी. (काकू रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर पाठवतात तो गुलाब यापेक्षा मोठा असतो.) पुढे डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रम प्लस आपल्याकडेही विकला, पण तेव्हा घरात कॉम्प्युटर असणारे असे किती?

तर लिव्हरपूलजवळच्या या मॅथ्यूने १९८३ मध्ये ‘मॅनिक मायनर’ लिहिला, वयाच्या सतराव्या वर्षी. विली नावाचा खाणकामगार, २० गुहा. वस्तू गोळा करत पळायचं आणि स्क्रीनवर हवेची पट्टी कमी कमी होत जाते. हवा संपली की खेळ खलास. फ्रीलान्सरला ही पट्टी वेगळी समजावून सांगावी लागत नाही!

गेम तुफान चालला. १९८४ मध्ये ‘जेट सेट विली’ आला. यात विली श्रीमंत झालाय, घरी जंगी पार्टी झालीय आणि त्याला झोप आलीय. पण हाउसकीपर मरिया बेडरूमच्या दारात उभी. आधी सगळं घर आवर, मग झोप! साठेक खोल्या. आणि एक भन्नाट गोची. विली माळ्यावर जाऊन आला की मेमरीतला भलताच भाग बिघडायचा आणि मग दुसऱ्याच खोल्यांमध्ये पाऊल टाकताच तो मरायचा. म्हणजे गेम पुरा होणंच अशक्य. कंपनीने आधी थाप मारली, ‘तो विषारी वायू आहे, मुद्दामच सोडलाय.’ नंतर गुपचूप दुरुस्ती सांगावी लागली.

‘आणि तिसरा गेम?’ मी आवाज गंभीर केला. ‘आलाच नाही. जाहिरात झाली, लोक थांबले, गेम नाही. कंपनी बंद पडली. मॅथ्यू गेला नेदरलँड्सला, एका कम्यूनमध्ये राहिला. चाहते शोधत बसले, हा माणूस आहे तरी कुठे? १९९७ मध्ये परत आला. बघ, सतराव्या वर्षी सगळं मिळालं आणि पुढे काय झालं!’

भाऊ भेळ खात होता. ‘ताई, मला माहितीय गं तो. आणि गेममुळे त्याचं काही बिघडलं नाही. आधी कोणी वाट बघत नव्हतं तेव्हा त्याने मस्त गेम लिहिला. मग सगळे वाट बघायला लागले.’

मी गप्प. तो पुढे, ‘आणि तू विशाल गोंडलचं का नाही सांगितलंस? मुंबईत १९९९ मध्ये इंडियागेम्स काढली, मोबाइलवरचे गेम केले, शेवटी डिस्नेने कंपनी घेतली.’

‘अरे, पण ती कंपनी होती. माणसं होती आजूबाजूला. तू खोलीत एकटा.’

यावर मात्र त्याला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. गेल्या वर्षी माझा एक लेख खूप गाजला. त्यानंतर मी दोन महिने धड एक पान लिहिलं नव्हतं, कारण प्रत्येक जण विचारायचा, ‘आता पुढे काय?’ हे मी घरात कोणालाच बोलले नव्हते. त्या कठड्यावर बसून पहिल्यांदा त्याला सांगितलं.

‘मग मला नाही का सांगायचं?’ तो म्हणाला. ‘मी वाचलं असतं, जेवढं झालंय तेवढं.’

‘मग तूही दाखव, जेवढा झालाय तेवढा.’

रात्री त्याच्या खोलीत बसले. नाही म्हणायला छान आहे. एक मुलगी पावसात छत्री घेऊन रेल्वेचा पूल ओलांडते. मी तीनदा पडले. चौथ्यांदा एका भिंतीवर चढले ती तिथेच अडकले. ना पुढे, ना मागे.

‘विषारी वायू आहे का रे?’

‘सरक जरा,’ म्हणत त्याने लॅपटॉप ओढला. दीड वाजला होता. मी माझा अर्धा लेख उघडून शेजारी बसले. बाहेरून आईचा आवाज आला, ‘समजावलंस का गं त्याला?’

‘समजावतेय!’

‘आणि ती खोली आधी आवरा. मगच झोपा.’

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, ‘मरिया!’