चिखलासाठी एक पत्र

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाच्या निमित्ताने २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता ऑस्ट्रेलियाला गेलो. ब्रिस्बेनहून निघणारी लोकल जिथे संपते, त्या क्लीव्हलंड नावाच्या समुद्रकाठच्या गावी लेक-जावई राहतात. विरार लोकलमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाला लोकलच्या शेवटच्या स्थानकाचे कौतुक ते काय! पण त्या डब्यात आम्हांला धरून मोजून अकरा माणसे होती. तिथल्या धर्मग्रामाचे नाव ‘स्टार ऑफ द सी’. सागरतारा हे पवित्र मरियेचे नाव दर्यावर्दींनी जगभर नेले आहे. ते तिथे भेटले तेव्हा परकेपणा थोडा ओसरला.

समुद्राने मात्र पहिल्या सकाळी माझी निराशा केली. टूंडा नावाच्या छोट्या धक्क्यावरून समोरच्या स्ट्रॅडब्रोक बेटावर बोटी जातात. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ओहोटी होती. वाळू नव्हती, लाटा नव्हत्या. तिवरांची झाडे आणि नजर पोहोचेल तिथवर चिखल. त्याचा वास मात्र माझ्या बालपणीच्या खाजणाचा होता, अगदी तोच. गावकरी या चिखलाची एक कथा हसून सांगतात. १८४२ साली गव्हर्नर गिप्स बंदराची जागा पाहायला आले, ते ओहोटीच्या वेळी. साहेबांना चिखल तुडवीत किनारा गाठावा लागला आणि बंदराचा मान क्लीव्हलंडच्या हातून गेला.

तिथेच मला लेकीच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक भेटले. गळ्यात दुर्बीण, हातात वही. त्यांनी दुर्बीण माझ्या हाती दिली आणि बोटाने दिशा दाखवली. तपकिरी रंगाचा एक मोठा पक्षी चिखलात चालत होता. त्याची खाली वाकलेली चोच जवळजवळ वीतभर लांब होती. हा पूर्वेकडचा कर्ल्यू. याची घरटी सैबेरियात आणि ईशान्य चीनमध्ये. तिथून दहा हजार किलोमीटरहून अधिक उडत तो दरवर्षी या चिखलातले खेकडे खायला येतो. २०१५ पासून ऑस्ट्रेलिया सरकारने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले आहे. हा मोरेटन उपसागर १९९३ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये आहे, असे ते म्हणाले. मी मुंबईजवळचा, हे कळताच त्यांनी सांगितले की, तुमची ठाण्याची खाडीही याच वर्षी त्या यादीत आली. ही बातमी मला सात समुद्रांपलीकडे, चिखलाच्या काठावर कळली!

याच चिखलावर भराव घालून सुमारे ३,६०० सदनिका, हॉटेल, दुकाने आणि खासगी नौकांसाठी मरीना उभारण्याची एका मोठ्या बांधकाम कंपनीची योजना होती. २०१३ साली राज्य सरकारने ही जागा विकासासाठी अग्रक्रमाची म्हणून जाहीर केली, तेव्हापासून गावात वाद चालू होता. आता पर्यावरणविषयक अहवाल लोकांपुढे ठेवला होता आणि हरकती मागवल्या होत्या. मास्तरांच्या गॅरेजमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी दहा-बारा माणसे जमत. बहुतेक पिकल्या केसांची. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. चहा, बिस्किटे आणि अहवालाची जाडजूड बाडे. एक आजीबाई त्यातले नकाशे भिंगाने पाहत. आंदोलन म्हणजे मोर्चा, अशी माझी समजूत. ही माणसे तर परीक्षेला बसल्यासारखी लिहीत होती.

जावयाचे मत निराळे होते. तो वीजजोडणीची कामे घेतो. एका रात्री जेवताना तो म्हणाला, “पप्पा, चिखलच आहे तो. धक्का मोडकळीला आलाय. नवे काही झाले तर मला दहा वर्षांचे काम घराजवळ मिळेल. पक्षी थोडे पलीकडे जाऊन बसतील.” त्याचे म्हणणे मला सर्वस्वी खोटे वाटले नाही, हे इथे नमूद केले पाहिजे. कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, मास्तरांच्या नाही.

पुढच्या गुरुवारी मास्तरांनी माझ्यापुढेही कोरा कागद सरकवला. पाहुण्यानेही लिहावे म्हणाले. मी तो घडी घालून खिशात ठेवला. लिहायला मला तोंड नव्हते.

१९९० च्या आसपास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या मागे अवघी हरित वसई रस्त्यावर उतरली, तेव्हा माझे बाबा त्या मोर्चांत चालत होते. विहिरींतून टँकर भरभरून चाललेला पाण्याचा उपसा थांबवा, शेतजमिनी बिल्डरांच्या घशात घालू नका, अशी ती हाक होती. मी त्या दिवसांत सहा वाजताची गाडी पकडून मुंबईच्या बँकेत जात असे. २००८ साली बाबा गेले. २०१२ साली मी वाडी विकली. विहिरीचे पाणी मचूळ झाले, केळी धरेनात, म्हणून विकली, असे मी सर्वांना सांगत आलो. ते खरेच होते. पण पाणी मचूळ होण्याआधी दोन वर्षे मी स्वतः त्याच विहिरीचे पाणी टँकरवाल्याला विकत होतो, हे मी कुणाला सांगितले नव्हते. वाडीच्या पैशांतून लेक ऑस्ट्रेलियात शिकायला गेली. म्हणजे त्या गॅरेजमधली माझी खुर्चीदेखील बाबांच्या वाडीतूनच आली होती.

तो कागद तीन दिवस खिशात राहिला. रविवारी मिस्सेहून परतल्यावर मी मराठीत लिहायला बसलो. पक्ष्यांचे ज्ञान मला नाही; म्हणून मी विहिरीविषयी लिहिले. पाणी आधी कसे किंचित खारट लागले आणि आम्ही ते उन्हाळ्यावर ढकलले, मग पानवेल कशी सुकली, नंतर गोडे पाणी परत यावे म्हणून काय काय केले आणि ते कसे आले नाही, सारे लिहिले. टँकरचेही लिहिले.

लेकीने बाळ मांडीवर घेऊन ते इंग्रजीत उतरवायला सुरुवात केली. टँकरच्या ओळीपाशी ती थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग खाली मान घालूनच तिने विचारले, “एका टँकरचे किती मिळायचे, बाबा?”

मी आकडा सांगितला. तिने तो पत्रात घातला.

पत्र धाडले जावयाने, स्वतःच्या संगणकावरून. त्याचे मत बदलले नव्हते, आणि तसे त्याने मला स्पष्ट सांगितलेही. बायकोने त्या रात्री रोझरी झाल्यावर एवढेच म्हटले की, हे बाबांना आधी सांगायला हवे होते. बाबांना म्हणजे माझ्या बाबांना.

२६ हजारांहून अधिक निवेदने त्या वेळी आली, त्यांतली बहुसंख्य विरोधाची, असे पुढे कळले. त्यांत माझे एक. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री तान्या प्लिबरसेक यांनी योजनेला परवानगी नाकारण्याचा मानस जाहीर केला आणि कंपनीने आपला अर्ज मागे घेतला. लेकीने फोनवर ही बातमी दिली. जावयाला शहराच्या दुसऱ्या टोकाला काम मिळाले असून रोज दीड तास गाडी हाकावी लागते, हेही तिने त्याच फोनवर सांगितले. धक्का अजून तसाच मोडका होता.

त्या सप्टेंबरात मास्तरांनी मोबाईलवर एक छायाचित्र पाठवले. कर्ल्यू सैबेरियाहून परतले होते. मी ते मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. पक्षी एका कोपऱ्यात लहानसा दिसतो. बाकी सगळा चिखल आहे.