चरा

ज्वरातून उठल्यावर डॉक्टरांनी बाहेर पडण्यास सक्त मनाई केल्याने, वडिलांच्या ग्रामोफोनची तुटलेली स्प्रिंग कारागिराकडून बदलून घेतली आणि तिन्हीसांजेस, माळ्यावरून उतरविलेल्या तबकड्यांतील अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटी प्रथम लावली. मिनिटास 78 फेरे घेणाऱ्या त्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस साडेतीन मिनिटांच्या आसपास अवधी. मैफलीत ऐसपैस विसावणारी ठुमरी त्या चिमटीत बसविताना गायकाने काय काय टाकून दिले असेल, हा विचार तरुणपणी मला शिवलाही नव्हता. ज्या नाट्यपदांवर तेव्हा जीव टाकीत असे, त्यांतल्या बऱ्याच ताना आज निव्वळ मिरवणूक वाटल्या. खाँसाहेबांचा आर्जवी, बारीक स्वर मात्र, खरखरीच्या पडद्याआडूनही, पूर्वीपेक्षा जवळ आला. (केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात रवाना झाली, तिच्यावर निवाडा देणारा मी कोण?)

झिंझोटीत एके ठिकाणी चरा आहे. सुई तेथे अडखळून एकच स्वर घोकू लागली, की वडील वर्तमानपत्र बाजूस ठेवून उठत आणि तर्जनीच्या अगदी हलक्या स्पर्शाने तिला पुढे सरकवीत. चरा कोणी पाडला, याची चौकशी त्यांनी कधीच केली नाही. मीही कबुली दिली नाही. काल ती जागा येण्यापूर्वीच माझे बोट उचलले गेले होते.