‘प्रभू मला म्हणाला’ या वाक्यापुढे

सिडनीच्या वेस्टमीड, पॅरामाटा, वेंटवर्थव्हिल या पट्ट्यात शाळांचे हॉल भाड्याने घेऊन रविवारची उपासना चालवणाऱ्या कॅरिस्मॅटिक मंडळ्या पुष्कळ आहेत. अशाच एका मंडळीत माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. आता मी तिथे नाही. अन्य भाषांत बोलणं, हात उंचावून रडणं, हे सगळं खरं होतं का, असं मला हमखास विचारलं जातं. माझ्यापुरतं तरी ते खरं होतं आणि त्या आवेगाची मला आजही लाज वाटत नाही. खोट दुसरीकडे होती. ‘प्रभू मला म्हणाला’ असं पाळकांनी म्हटलं की पुढे कोणालाच काही विचारता येत नसे. उपदेश संपत आला की दिवे मंद व्हायचे, कीबोर्डवर तेच दोन कॉर्ड घोळत राहायचे. त्याच सुरावर आजाऱ्यांसाठी प्रार्थना व्हायची, त्याच सुरावर इमारत निधीचं आवाहन, आणि कोणी कुठली नोकरी धरावी याचे ‘संदेश’ही. तिन्हींवर एकच आमेन. निधीबद्दल शंका काढणाऱ्याला बंडखोर आत्म्याने धरलंय, असं ठरायचं. खरं तर अन्य भाषांचा आधार म्हणून आम्ही करिंथकरांस पहिल्या पत्रातला जो १४वा अध्याय वाचत असू, त्यातच पौल बजावतो की संदेष्टे बोलले तर इतरांनी ते पारखून घ्यावं. तो भाग मात्र आमच्याकडे उपदेशाला कधी आला नाही.

पारख आली की आत्म्याचा अग्नी विझतो, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. त्याला उत्तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आहे. ऑस्ट्रेलियातल्या संजीवनाची (रिव्हायव्हलची) वार्ता ऐकून पंडिता रमाबाईंनी १९०३च्या सुमारास आपली मुलगी मनोरमा आणि सहकारी मिनी अब्राम्स यांना इकडे पाठवलं होतं. पुढे १९०५मध्ये मुक्ती मिशनमध्येच मोठं संजीवन झालं, लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या प्रसिद्ध संजीवनाच्या आधी. मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करत. आणि त्याच आवारात विणकाम, शेती, छापखाना चालू होता, रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. याच बाईंनी १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये, नुकताच बाप्तिस्मा घेतलेला असताना, आपली सदसद्विवेकबुद्धी कुठल्याही धर्मगुरूच्या हवाली करायला साफ नकार दिला होता. त्या नकाराने त्यांच्यातला अग्नी विझला नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त जड जातो. परक्या देशात नव्याने आलेल्यांना घर शोधून देणारी, बाळंतिणीला डबा पोचवणारी, वेस्टमीड हॉस्पिटलच्या वॉर्डात रात्रभर बसणारी माणसं या मंडळ्यांमध्येच असतात. हे शंभर टक्के खरं आहे, आणि त्या माणसांचं ऋण मी मानते. पण ज्यांच्या मदतीवर आपला संसार उभा राहिला, त्यांच्या पुढाऱ्याला हिशेब विचारायला जीभ रेटत नाही. मंडळी सोडायची म्हणजे एका फटक्यात सगळा गोतावळा सोडायचा.

असे दोष सगळ्याच धर्मसंस्थांत असतात, हेही कबूल. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने बाललैंगिक शोषणाबाबत कॅथलिक चर्चचीही कठोर झाडाझडती घेतली. पण २०१४मध्ये त्याच कमिशनपुढे आलेलं फ्रँक ह्यूस्टन यांचं प्रकरण आमच्या प्रवाहातलं होतं. त्यांनी एका मुलाचं शोषण केल्याची कबुली १९९९मध्ये दिली, ती स्वतःच्या मुलाला, ब्रायन ह्यूस्टनना. ब्रायन हे वेस्टमीडपासून जवळच, बॉकम हिल्समध्ये सुरू झालेल्या हिलसाँगचे संस्थापक आणि त्या वेळी संपूर्ण पंथाचे राष्ट्रीय अध्यक्ष. बात पोलिसांपर्यंत गेली नाही. पीडिताची तशी इच्छा नव्हती, हे कारण ग्राह्य धरून न्यायालयाने २०२३मध्ये ब्रायनना निर्दोष ठरवलं, तेही सांगायलाच हवं. पण बापाच्या गुन्ह्याची चौकशी मुलाने हाताळण्यात हितसंबंधांचा संघर्ष होता, हा कमिशनचा निष्कर्ष त्यामुळे पुसला जात नाही. पाचारण देवाकडून आणि नेमणूक घरातून झाली की वर विचारणारं कोणी उरत नाही.

सरकार विचारेल, या भरवशावरही राहता येत नाही. इथल्या २०१२च्या धर्मादाय कायद्याने नोंदणीकृत कंपनी नसलेल्या अनेक धार्मिक संस्थांना वार्षिक आर्थिक माहिती देण्यापासून सूट दिली आहे. म्हणून नव्या मंडळीचा पत्ता विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी दोन गोष्टी विचारायला सांगते: दशमांशाचा हिशेब सभासदांपुढे छापील येतो का, आणि पाळकांना पदावरून काढण्याचा अधिकार कोणाला आहे.