शरीराची उजळणी

पाठ केलेलें जिभेवर राहिलें नाहीं, म्हणजे तें वायां गेलें काय? पस्तीस वर्षें संस्कृत शिकविणाऱ्यास हा प्रश्न नवा नाहीं. परंतु करोनाच्या निमित्तानें तोच आमच्या घरीं निराळ्या रूपानें उपस्थित झाला.

एप्रिल 2020 मध्यें सोलापुरांत या रोगाचा शिरकाव झाला आणि पुढें आमच्या कुटुंबांतहि तो येऊन गेला. मार्च 2021 पासून साठी उलटलेल्यांस लस मिळूं लागली, तेव्हां आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला एकदां होऊन गेला, आतां लस कशाला?" त्यांस मधुमेह. इकडे पुतण्यानें स्वतःचें रक्त तपासून आणलें. प्रतिपिंडांचा आंकडा उतरलेला पाहून तो म्हणाला, "काका, सारी शक्ति गेली!" दोघांचेंहि म्हणणें अर्धेंच खरें होतें.

विषाणु शरीरांत शिरला म्हणजे दोन-तीन आठवड्यांत रक्तांत प्रतिपिंडें विपुल होतात. पुढें कांहीं महिन्यांत तीं ओसरतात. पण तेवढ्यानें शरीर सारें विसरतें असें नव्हे. सौम्य आजारानंतर अकरा महिन्यांनींहि तीं निर्माण करणाऱ्या पेशी अस्थिमज्जेंत टिकून असल्याचें संशोधकांना आढळलें आहे. सन 2003 च्या सार्स रोगांतून उठलेल्यांच्या अंगीं तर सतरा वर्षांनंतरहि त्या विषाणूस ओळखणाऱ्या टी-पेशी सांपडल्या. पुतण्याची निराशा म्हणूनच अकारण होती.

परंतु वहिनींचा निर्धास्तपणाहि योग्य नव्हता. जुलै-ऑगस्ट 2020 मध्यें पुण्यांत, रोग अधिक पसरलेल्या पांच प्रभागांत, 51.5 टक्के लोकांच्या रक्तांत प्रतिपिंडें आढळलीं होतीं. तरीहि सन 2021 च्या आरंभीं त्या शहरांत दुसरी मोठी लाट आलीच. शिवाय विषाणु आपलें रूप पालटतो. शब्दरूपें मुखोद्गत असलेल्या विद्यार्थ्यास परीक्षकानें धातुरूपें विचारलीं, तर तो अडखळणारच. नोव्हेंबर 2021 मध्यें प्रकट झालेल्या ओमिक्रॉननें पूर्वी आजारी पडलेल्या पुष्कळांस पुन्हा गांठलें. मात्र पुन्हा लागण होण्यापासून मिळणारें रक्षण लवकर ओसरलें, तरी गंभीर दुखण्यापासूनचें रक्षण अधिक काळ टिकतें.

वहिनींस मीं इतकेंच सांगितलें, "आपलें शरीर शिकलेलें आहे; लस ही त्याची उजळणी." त्यांनीं दोन्ही मात्रा घेतल्या. घरांतील वृद्धांच्या बाबतींत केवळ आंकड्यावरून धीर सोडूं नये, आणि एकदांच्या आजारपणावर विसंबूनहि राहूं नये. वय नि व्याधि पाहून डॉक्टर जी उजळणी सुचवितील, ती वेळींच करून घ्यावी.