गोव्याहून सिल्व्हर पार्कच्या पत्त्यावर

मडगाव, बुधवार रात्र

ती. आप्पांस,
सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. बोरिवलीला धरलेली गाडी वसईवरून वळसा घालून पनवेलला येते. त्यामुळे घरून निघून बोरिवलीला आले, गाडीत बसले आणि थोड्याच वेळात आपल्याच मीरा रोड स्टेशनातून न थांबता पुढे गेले! वहिनीने दिलेल्या दशम्या चिपळूणच्या आत संपल्या. पुढे बोगद्यांमागून बोगदे, फोनला रेंज नाही. तुम्हाला पत्रच आवडतं, तेव्हा पत्रच लिहायचं ठरवलं. बँकेचं ऑडिट मडगाव, म्हापसा, वास्को, पणजी अशा क्रमाने आहे. दिवस व्हाउचरांत जाणार, संध्याकाळ माझी.

लॉजचे मालक सत्तरीच्या पुढचे आहेत. आधार कार्डावरचा पत्ता वाचून म्हणाले, "मीरा रोड म्हणजे मुंबईच. कूपरेजचं मैदान आहे ना अजून?" मी म्हटलं, माझे वडील ऑफिस सुटल्यावर तिथे रोव्हर्सचे सामने बघायला जायचे. मग काय, व्हरांड्यात खुर्ची आली, चहा आला.

त्यांचं म्हणणं असं की गोव्याच्या फुटबॉलची गोष्ट सांगायची तर अर्धी मुंबईत सांगावी लागते. रोव्हर्स चषक १८९१ चा. पहिली पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षं तो गोऱ्या पलटणींनीच आपसांत वाटून घेतला; १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने जिंकला तेव्हा त्यावर पहिल्यांदा हिंदी संघाचं नाव लागलं. ड्युरँड १८८८ चा, कोलकात्याची आयएफए शील्ड १८९३ ची. देशभराची लीग नव्हतीच. राष्ट्रीय पातळीवर नाव काढायचं तर आमंत्रण मिळवा, गाडी धरा आणि बाद फेरीत काय होईल ते होऊ दे. एक वाईट दुपार आली की वळकटी गुंडाळून परत.

गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे. त्यामुळे इथल्या संघांना हा रस्ताही बंद होता. गोंयकार मात्र मुंबईत होतेच. धोबी तलावाच्या आसपास गावागावांच्या कुडी होत्या. बोटीवर नोकरीला जाणारे तिथे उतरायचे. अशाच गोवेकरी मुंबईकरांतला नेव्हिल डिसोझा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले आणि भारत ४–२ ने जिंकून उपांत्य फेरीत गेला. वांद्र्याच्या मैदानाला त्याचं नाव आहे, दादाच्या चिन्मयला एकदा घेऊन जा.

औषधं वेळेवर घ्या. साखर दादाला नाही, मला कळवा.

तुमची,
वैदेही


म्हापसा, शुक्रवार

ती. आप्पांस,
सा. नमस्कार.

इथला शुक्रवारचा बाजार म्हणजे नुसती झुंबड. चवळी, सुकी मासळी, चोरिसच्या माळा, मातीची मडकी, सगळं एकाच वाटेवर. वहिनीसाठी कोकमं घेतली.

संध्याकाळी शिवोलीला जाऊन आले. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी इथल्या पोरांना फुटबॉल शिकवला आणि तिथून तो गोवाभर गेला, असं इथे सगळे सांगतात. मला तिथे स्मारक-बिरक बघायचं नव्हतं, खेळ बघायचा होता. तो रस्त्याच्या कडेलाच सापडला. भात कापून झालेलं शेत, खुंट अजून पायाला टोचतील असे, बांबूचे गोलपोस्ट. निम्मे अनवाणी. बांधावर म्हातारे बसलेले आणि प्रत्येकाच्या तोंडी पंचाला सल्ला. चेंडू बांधापलीकडच्या चिखलात गेला की लहान पोरं धावायची, कारण जो आणेल त्याला एक लाथ मारायला मिळायची. चर्चची संध्याकाळची घंटा सुरू झाली तसा खेळ आहे तिथे थांबला. कुणी छातीवर क्रूस केला, कुणी नुसता उभा राहिला. घंटा संपल्याबरोबर थ्रो-इन, आणि "अरे फाऊल!" म्हणून पुन्हा आरडाओरडा.

परतताना कदंबच्या बसमध्ये एक हिशेब मांडला. २०११ च्या जनगणनेत सबंध गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. आपल्या मीरा-भाईंदरची ८ लाखांच्या वर. म्हणजे दोन मीरा-भाईंदर एवढाही गोवा नाही. तरी देशाच्या लीगचं विजेतेपद इथल्या तीन क्लबांनी मिळून नऊ वेळा आणलं. आपल्याकडे सिल्व्हर पार्कच्या नाक्यापासून भाईंदर स्टेशनापर्यंत मुलांना खेळायला मोकळी जागा म्हटली तर तासावर भाड्याने मिळणारं टर्फ. इथे चर्चसमोर एक मैदान, देवळामागे एक, आणि कापणीनंतर सगळी शेतं. वाड्याचा संघ, गावाचा संघ, मग तालुक्यातला मोठा संघ, अशी चढण पोरांना दिसते तरी.

चिन्मयने फोनवर विचारलं, "आत्या, पण पैसे कोण देतं?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर वास्कोला मिळेल असं दिसतं.

वैदेही


वास्को, सोमवार

ती. आप्पांस,
सा. नमस्कार.

हे पत्र चिन्मयला मोठ्याने वाचून दाखवा, अर्धं त्याच्यासाठीच आहे.

वास्को गावाची ओळख मुरगाव बंदरामुळे. आतल्या तालुक्यांतून लोहखनिज बार्जमध्ये भरायचं, मांडवी-जुवारीतून ते बंदरात यायचं आणि बोटींनी जपानला जायचं. त्यातून पैसेवाले झाले ते खाणमालक: साळगावकर, धेंपो, चौगुले, सेझा. चिन्मयच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. यांतल्या बऱ्याच जणांनी फुटबॉलचे संघ उभे केले. खेळाडूला कंपनीत नोकरी, महिन्याला पगार, खेळणं संपल्यावरही पोटाची सोय. गिरणी आणि रेल्वेच्या संघांवर आपली मुंबई चालली, गोव्यात ते काम खाणीने केलं.

व्ही. एम. साळगावकरांच्या समूहाचा संघ १९५६ चा, म्हणजे मुक्तीच्या आधीचा. हिरवा पोशाख. मुक्तीनंतर भारताची दारं उघडली तरी बंगालचे मोठे क्लब, पंजाबचे संघ, हैदराबादचा जुना दबदबा, यांच्यापुढे गोव्याचे संघ बराच काळ पाहुणेच होते. राज्यांच्या संतोष ट्रॉफीत गोव्याला पहिलं यश मिळालं १९८३ ला, तेही बंगालबरोबर संयुक्त. पुढच्या वर्षी ट्रॉफी एकट्याने आणली. कप्तान आणि गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर, ताळगावचे. त्या स्पर्धेत त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. हेच ब्रह्मानंद वर्षानुवर्षं साळगावकरच्या गोलमध्ये उभे असायचे. अर्जुन पुरस्कार त्यांना १९९७ चा मिळाला, पद्मश्री थेट २०२२ मध्ये.

क्लबांसाठी राष्ट्रीय स्पर्धा म्हणून फेडरेशन कप १९७७ ला सुरू झाला. गोव्याच्या क्लबला तो दहा वर्षं हुलकावणी देत राहिला. मग साळगावकरने जे केलं ते बघा: १९८७ ला अंतिम सामना मोहन बागानकडून हरले, १९८८ ला जिंकले, १९८९ ला पुन्हा जिंकले, १९९० ला त्रिशूरला केरळ पोलिसांकडून हरले. लागोपाठ चार अंतिम सामने. कप एखाद्याला नशिबानेही मिळतो, पण चार वर्षं सलग शेवटच्या दिवशी मैदानावर असायला संघ बांधावा लागतो. ऑफिसला लागलेले, रोज सकाळी एकत्र सराव करणारे, वर्षभर गोव्याच्या लीगमध्ये आठवड्याला एक सामना खेळणारे तेच तेच अकरा-पंधरा जण.

आता चिन्मय, तुझा तो ग्रीसवाला प्रश्न. तुझ्या गेममधला आरिस क्लब पहिला विजेता कसा, असं तू विचारलं होतंस. ग्रीसमध्येही आधी शहराशहराच्या लीगा होत्या. १९२७–२८ ला त्यांचं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद झालं ते अथेन्स, पिरेयस आणि थेस्सालोनिकी या तीन शहरांच्या विजेत्यांमध्ये, आणि थेस्सालोनिकीच्या आरिसने ते जिंकलं. ऑलिम्पियाकोस, पानाथिनाइकोस आणि एईके हे तिघे महासंघाशी भांडून बाहेर बसले होते! सबंध देशाची एकच लीग ग्रीसला १९५९–६० मध्ये मिळाली. आपल्याला मिळाली १९९६ मध्ये, छत्तीस-सदतीस वर्षांनी. आरिसला सोपं गेलं म्हणणारे म्हणोत. जे मैदानात उतरले त्यांचं नाव लागलं.

आपल्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी, त्यांच्याकडे भाईचुंग भुतिया. वारक्याचा चर्चिल ब्रदर्स दुसरा. दुसऱ्या वर्षी मोहन बागान पहिला, ईस्ट बंगाल दुसरा, साळगावकर तिसरा. आणि १९९८–९९ ला साळगावकर पहिला, ईस्ट बंगाल त्याच्या मागे. प्रशिक्षक हैदराबादचे शब्बीर अली, पुढच्या फळीत ब्रुनो कुतिन्हो. लीग जिंकणारा गोव्याचा तो पहिला क्लब. त्याच १९९९ मध्ये ड्युरँडही आणला.

आप्पा, यात मला एक गोष्ट फार पटली. बाद पद्धतीच्या जमान्यात गोवा बराच काळ पाहुणा होता, लीग आल्यावर तीनच वर्षांत तो घरचा झाला. खेळ तोच, माणसंही फारशी वेगळी नाहीत. पण लीगमध्ये एका वाईट दुपारने तुम्ही संपत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरता येतं आणि आठवड्याला उतरायची सवय गोव्याला लहानपणापासूनची.

संध्याकाळी टिळक मैदानाच्या बाजूला रोस ऑम्लेट खाल्लं. कोंबडीच्या झणझणीत रश्शात बुडवलेलं ऑम्लेट आणि वर बारीक कांदा, बरोबर पाव. तुम्हाला चालणार नाही, म्हणून नुसतं वर्णन.

वैदेही


पणजी, गुरुवार

ती. आप्पांस,
सा. नमस्कार.

ऑडिट संपत आलं. आज मांडवीच्या काठाने कांपालपर्यंत चालत गेले. पहिल्या मुख्यमंत्र्यांचं, भाऊसाहेब बांदोडकरांचं नाव असलेलं मैदान तिथेच आहे. सरावाला आलेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या अंगावर एफसी गोवाचा केशरी शर्ट.

साळगावकरने वाट दाखवल्यावर बाकीच्यांनी तिचा महामार्ग केला. २००४–०५ ला धेंपो विजेता आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा दुसरा, दोन्ही गोव्याचे. २००६–०७ ला पुन्हा धेंपो. मग लीगचं नाव बदलून आय-लीग झालं आणि पहिल्या सहाही मोसमांत विजेतेपद गोव्यातच राहिलं: धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. २००७ ते २०१३. आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली धेंपो २००८ ला एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता.

मध्ये एकदा, २००५–०६ ला, महाराष्ट्राची पाळी आली. कूपरेजच्या महिंद्रा युनायटेडने लीग जिंकली. तुम्ही तेव्हा निवृत्तीच्या कागदपत्रांत होतात, पण पेढे आणल्याचं मला आठवतं. त्यांचे प्रशिक्षक डेरिक परेरा, म्हणजे साळगावकरचेच जुने बचावपटू. चार वर्षांत, २०१० ला, कंपनीने संघ बंद केला. महाराष्ट्राचा तो पहिला लीग-विजेता क्लब.

गोव्यातही सगळं गोड नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. २०१६ ला इंडियन सुपर लीगला (आयएसएल) देशाची अव्वल श्रेणीची लीग करायचं घाटत होतं. त्याच्या निषेधार्थ साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. ज्या स्पर्धेने नाव दिलं तिच्यातूनच उठून जायचं, हे सोपं नसणार. मुंबईच्या आणि इथल्या गोष्टीत एक फरक मात्र मला दिसला. मुंबईत कंपनीने हात काढला तसा संघच गेला, कारण कंपनीखेरीज त्याला खाली काही नव्हतं. साळगावकर राष्ट्रीय तक्त्यावरून उतरला आणि गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, कारण तो मुळात तिथूनच वर गेला होता. धेंपो तर पुढे दुसऱ्या श्रेणीतून खेळून पुन्हा आय-लीगमध्ये आला.

म्हणून आप्पा, एक काम. महिनाअखेरच्या सोसायटीच्या सभेत सी विंगमागची मोकळी जागा पार्किंगला द्यायचा ठराव येणार आहे. जागा अडचणीची आहे, एका टोकाला पाण्याची टाकी आहे, गोलपोस्ट एकच बसेल. तरी तुम्ही ठरावाच्या बाजूने हात वर करू नका, आणि दादालाही करू देऊ नका. दादा गाडीचं नाव काढेल. त्याला सांगा, गाडी रस्त्यावर उभी राहते, चिन्मय आणि त्याची टोळी कुठे उभी राहणार? बी विंगमधल्या दोन-तीन घरांशी आधी बोलून ठेवा, मतं कमी पडायला नकोत. चेअरमनना मी आल्यावर भेटते. शनिवारी रात्री पोचेन. काजू आणतेय, बेबिंका वहिनीसाठी आहे, तुम्ही डब्याला हात लावायचा नाही.

तुमची,
वैदेही